लाहूची दोन वयं

चिंचणी,
९ सप्टेंबर २०१४

प्रिय किंजू,

बाळ घरी आलं. गुरुवारी सोडलं. महिनाभर तो वापीच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत आणि मी पेटीबाहेर स्टुलावर. आता एकदम हातात दिलाय तर धरायचीच भीती वाटते. बारसं व्हायचंय, पण सासूबाई पहिल्याच दिवशी "एवढासा लाहू गं" म्हणाल्या आणि तेच नाव चिकटलं.

फोनवर मला धड काही सांगता येत नाही. नविनचा फोन त्याच्याबरोबर बोटीवर, आणि घरातल्या फोनवर बोलायला लागले की सासूबाई शेजारी मासळी निवडत बसतात. ऐकतात तर ऐकतात, मध्येच तुझ्या प्रश्नांची उत्तरंही देतात. म्हणून लिहायला बसले. आई गेल्यापासून आपण दोघी पत्रंच लिहितो, ते बरंच आहे.

शेजारच्या रूपीला त्याच आठवड्यात मुलगी झाली. पूर्ण दिवसांची. बायका आधी तिला बघून येतात आणि मग माझ्याकडे येतात. कुणी काही बोलत नाही, पण दोन्ही घरं एकाच फेरीत बघायची म्हटल्यावर बोलायची गरजच काय? अंगणवाडीच्या बाईंनी लाहूचं वजन कार्डावर मांडलं. त्याचा ठिपका सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली पडला. बाई चांगल्या आहेत, म्हणाल्या, "येईल वर." पण ठिपका मी पाहिला ना.

तू मागे तुझ्या शेतकी कॉलेजातल्या गव्हाचा ग्राफ दाखवला होतास, तसा लाहूचा काढून दे, वजनं मागच्या पानावर लिहिलीत. तुझ्या हातचा. कार्डावर माझा विश्वास नाही असं नाही, पण मला दुसरं काहीतरी बघायला हवंय.

आणखी एक विचारायचं होतं. सोडताना डॉक्टर म्हणाले, याच आठवड्यात मुंबईला नेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, इतक्या कमी वजनाच्या मुलांचे डोळे बघून घ्यावे लागतात. पण तेच डॉक्टर म्हणाले, गर्दीत नेऊ नका, सर्दी झाली तरी महागात पडेल. नविन आठ दिवस तरी किनाऱ्याला लागत नाही. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला कुठे मुंबईला फिरवतेस. मला काही सुचत नाही. आपल्यात शिकलेली तूच. तू सांगशील तसं करते.

तुझी,
शितलताई

*

पुणे,
१६ सप्टेंबर २०१४

लाडक्या ताईस, आणि लाहूच्या दोन्ही पायांना,

सोबत ग्राफ आहे. घडी घातली तर रेघ मोडेल म्हणून पुठ्ठ्याच्या नळीत घातलाय. पोस्टमनने तो वाकवला असेल तर इस्त्री कर!

आता नीट वाच. उभी पट्टी वजनाची, ती कळेलच. आडव्या पट्ट्या मात्र दोन आहेत, एक खाली, एक वर. खालची पट्टी जन्मापासूनचे आठवडे दाखवते, अंगणवाडीच्या कार्डावर असते तशी. वरची पट्टी मोजते लाहूच्या खऱ्या तारखेपासून, म्हणजे डॉक्टरांनी तुला ऑक्टोबरची जी तारीख दिली होती तिथून. तो अडीच महिने आधी आला. म्हणून वरचा शून्य खालच्या दहावर बसवलाय. शून्याच्या डावीकडे उणे आकडे आहेत. आज तुझा मुलगा वरच्या पट्टीवर उणे चार आठवड्यांचा आहे. तो अजून जन्मलेलाच नाही, ताई! मग त्याची तुलना रूपीच्या मुलीशी कशी होणार?

आमच्या गव्हाचंही असंच असतं. पेरल्यापासूनचे दिवस खाली मांडतो आणि उगवल्यापासूनचे वर. ज्या वाफ्यात उगवण उशिरा झाली तो खालच्या पट्टीवर मागे पडलेला दिसतो आणि वरच्या पट्टीवर इतरांच्या बरोबरीने असतो. रोप तेच, वजन तेच. फक्त तू कुठून मोजतेस यावर सगळं ठरतं. कॉम्प्युटरवर दुसरी आडवी पट्टी लावताना माझा शून्य सारखा सरकत होता. आमचे सर म्हणाले, गव्हासाठी एवढी मेहनत घेतली असतीस तर. मी म्हटलं, हा गहू नाही, माझा भाचा आहे.

वरच्या पट्टीने बघ, लाहू अगदी वेळेवर आहे. रडू नकोस.

डोळ्यांचं म्हणशील तर मी इथे कुणा डॉक्टरला ओळखत नाही, पण हिशोब सरळ आहे. जो अजून वरच्या पट्टीवर जन्मलाच नाही त्याच्या डोळ्यांत आत्ता काय बघणार? दोन-तीन महिने जाऊ देत, त्याला जरा बाळसं धरू दे. दिवाळीत मी येतेच आहे, तेव्हा आपण दोघी मिळून नेऊ. उगाच बाहेरची सर्दी घरात आणू नकोस.

भावोजी आले की त्यांना ग्राफ समजावून सांग. सासूबाईंनाही सांग.

तुझी,
किंजू

*

चिंचणी,
१२ नोव्हेंबर २०१४

प्रिय किंजू,

तू दिवाळीला आली नाहीस त्याचं वाईट वाटलं, पण गव्हाची पेरणी थांबत नाही हे मला कळतं. फराळ पाठवलाय, चकल्या मोडल्या असतील.

तुझा ग्राफ मी देवाच्या फळीखाली लावलाय. दर सोमवारी वजन झालं की ठिपका देते आणि मागच्या ठिपक्याला जोडते. रेघ चढतेय गं! सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण आता आल्यागेल्याला त्याच सांगतात, "वरच्या पट्टीने बघा. खालची आमच्या पोराची नाही." परवा मासळी घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यालासुद्धा आत बोलावून दाखवलं. तो बिचारा बोंबलांचा भाव ठरवायला आला होता.

रूपीची मुलगी आता तोंडाकडे बघून हसते. मी खेळवलं तर माझ्याकडे टक लावते. लाहू नाही बघत. त्याची नजर इकडेतिकडे फिरत राहते, जशी काही माशी शोधतोय. रूपी म्हणाली, "दाखवून ये एकदा." मी तिला म्हटलं, अगं, वरच्या पट्टीने तो एकाच महिन्याचा आहे. तुझी मुलगी एका महिन्याची होती तेव्हा बघायची का? ती गप्प बसली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मुंबईचं मात्र राहूनच गेलं. आता थंडी पडायला लागली. जानेवारीत नेईन म्हणते. तुला काय वाटतं?

ताई

*

पुणे,
२१ नोव्हेंबर २०१४

ताई,

घाईत लिहितेय, शेतावर निघालेय. जानेवारी चालेल. एक महिन्याचं बाळ कुठे टक लावून बघतं? बघेल हळूहळू. ठिपके देत राहा. पुढच्या पत्रात मला वजनं लिहून पाठव, मी रेघ पुढे वाढवून नवा कागद पाठवते.

चकल्यांचा चुरा दह्यात घालून खाल्ला.

किंजू

*

चिंचणी,
२६ फेब्रुवारी २०१५

किंजल,

गेल्या आठवड्यात सासूबाई लाहूला उन्हात तेल लावत होत्या. त्यांनी मला हाक मारली, "शितल, याच्या डोळ्यांत पांढरं काय चमकतंय?" मी पाहिलं. काळ्या बाहुलीच्या आत पांढरं होतं. दोन्ही डोळ्यांत.

डहाणूच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिली आणि तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून मुंबईला पाठवलं. मुंबईच्या डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, किती वजनाचा होता, किती दिवस पेटीत होता. मग म्हणाल्या, महिन्याचा असताना का नाही आणलात?

मी म्हटलं, तो महिन्याचा होता तेव्हा खरं तर जन्मलेलाच नव्हता. मी त्यांना दोन पट्ट्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, वाढीसाठी तो हिशोब बरोबर आहे. वजन, बसणं, रांगणं, सगळं त्याच हिशोबाने बघायचं. डोळ्यांचा वेगळा. लवकर जन्मलेल्या मुलांच्या डोळ्यांतल्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, त्या वेळेवर दिसल्या तर लेझरने थांबवता येतात. ती तपासणी जन्मापासून मोजून महिन्याच्या आसपास करायची असते. तुम्हाला घरी सोडलं तेव्हा वेळ होती.

दोन्ही पडदे सुटलेत. ऑपरेशन करून काही मिळणार नाही म्हणाल्या. फार तर उजेड आणि अंधार कळेल.

येताना लाहू माझ्या मांडीवर झोपला होता. नविन खिडकीतून बाहेर बघत होता आणि एकदाही आमच्याकडे वळला नाही.

ग्राफ भिंतीवरून काढून ठेवलाय. वजनं पाठवत नाही.

शितल

*

पुणे,
८ मार्च २०१५

ताई,

तुझं पत्र आल्यापासून चार वेळा फोन केला. भावोजींनी उचलला आणि म्हणाले, ती नंतर बोलेल. तू बोलली नाहीस. बोलू नकोस, पण हे वाच.

मी डॉक्टर नव्हते. मला माहीत नव्हतं आणि मी "माहीत नाही" असं लिहिलं नाही. "हिशोब सरळ आहे" असं लिहिलं. तू मला विचारलंस कारण मी शिकलेली होते, आणि मी उत्तर दिलं कारण मला शिकलेलं असणं आवडत होतं. मी एका दुपारी उठून इथल्या कुठल्याही हॉस्पिटलात जाऊन विचारू शकले असते. एक तर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मी त्या दुपारी वरच्या पट्टीचा शून्य नीट बसवत होते.

मी येऊ का? काही म्हणणार नाही. लाहूला नुसतं घेऊन बसेन. तो पेटीत होता तेव्हा काचेतून पाहिला, तेवढाच.

किंजल

*

पुणे,
२४ ऑगस्ट २०१६

ताई,

दीड वर्ष झालं. मध्ये पाठवलेली पत्रं पोचली असतील असं धरून चालते. आई-बाबांनंतर मला जायला तुझंच एक घर होतं. सुट्टी लागली की सगळ्या मुली गावाला जातात आणि मी लॅबमध्ये बसते. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. मला हे मिळायलाच हवं.

लाहू दोन वर्षांचा झाला. जन्मापासून मोजून दोन. बोलतो का? चालतो का? तू नको लिहूस, रूपीकडून दोन ओळी लिहून घे.

लॅबमध्ये कुणाच्या ग्राफला दुसरी आडवी पट्टी लावायची असली की मी ते काम दुसऱ्याला देते. त्यांना वाटतं मला जमत नाही.

किंजल

*

चिंचणी,
१९ जानेवारी २०१७

किंजल,

तुझी सगळी पत्रं पोचली. वाचली. उत्तर लिहायला बसले की पहिल्या ओळीत भांडण सुरू व्हायचं, म्हणून फाडून टाकायचे.

घरातलं सांगते. नविनने बोट सोडली. तारापूरला कंपनीत लागलाय, पाळी करतो. समुद्रावर नसतो तर मीच मुंबईला घेऊन गेलो असतो, असं म्हणतो. डोळ्यांबद्दल तू काय लिहिलं होतंस ते मी त्याला मुंबईहून आलो त्याच दिवशी सांगितलं होतं, काही लपवलं नाही. तरी तो स्वतःलाच धरून बसलाय. सासूबाई म्हणतात, मीच आडवी आले, मीच म्हटलं पोराला फिरवू नको. परवा त्या लाहूला भरवता भरवता उठून मागच्या दारी गेल्या. बघते तर तोंडात पदर कोंबून रडत होत्या, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याला श्वास बदलला तरी कळतो.

प्रत्येकाने आपापला वाटा उचललाय. तूही उचललास. पण मी आई ना? रूपीने "दाखवून ये" म्हटलं तेव्हा मी तिला गप्प केलं आणि मला बरं वाटलं होतं. ते तुला लिहिलंही होतं मी, आठवतं? तुझ्यावर रागावते तेव्हा निदान दुसरं कुणीतरी समोर असतं. राग संपला की मी एकटी उरते. म्हणून तो मी संपू दिला नाही.

लाहू चालतो. उशिरा चालला, पण चालला. बोलणं तर विचारू नकोस. मासळी सुकत घातली की वासावरून सांगतो, आज बोंबील, आज मांदेली. रूपीच्या मुलीचा हात धरून अंगणवाडीच्या फाटकापर्यंत जातो. ती आत जाते, हा बाहेर उभा राहून पोरांचा गलका ऐकतो. मग मी त्याला घेऊन येते.

येऊ नकोस अजून. मला वेळ लागेल.

शितल

*

पुणे,
१० फेब्रुवारी २०१९

ताई,

तलासरी-डहाणूला भूकंपाचे धक्के बसतायत असं रोज ऐकते. चिंचणीला जाणवतात का? घराच्या भिंतींना तडे नाहीत ना? या वेळी तरी नुसतं "ठीक आहोत" एवढं कळव. तू येऊ नकोस म्हणालीस, म्हणून आले नाही. दोन वर्षं त्या एका "अजून" या शब्दावर काढली.

तुला एक सांगायचं होतं. इथल्या एका हॉस्पिटलात लवकर जन्मलेल्या बाळांच्या आया बसतात, तिथे मी शनिवारी जाते. डिस्चार्जचा कागद वाचून दाखवते, डोळ्यांच्या तपासणीची तारीख मोठ्या अक्षरात लिहून देते, आणि कुणी काही विचारलं तर म्हणते, मला माहीत नाही, चला, डॉक्टरांना विचारू. एवढंच करते. याने लाहूचं काही परत येत नाही, मला कळतं.

परवा एका आईने मला विचारलं, "तुमचं बाळ कितीचं आहे?" मी म्हटलं, माझ्या बहिणीचं आहे, साडेचार वर्षांचं. मग बाहेर येऊन जिन्यात बसले.

किंजल

*

चिंचणी,
२ जून २०१९

किंजू,

धक्के इथपर्यंत हलकेच येतात. सगळ्यांच्या आधी लाहूला कळतात. जेवता जेवता थांबतो आणि म्हणतो, "आई, जमीन पुटपुटते." मग भांडी हलतात. घर ठीक आहे.

माफ केलं असं लिहायला तीनदा बसले. नाही लिहिता आलं. खोटं लिहिण्यापेक्षा तसंच सांगते.

तलासरीचे रविंद्र वायडा सर महिन्यातून दोनदा येऊन लाहूला शिकवतात. जाड कागदावर उठवलेले ठिपके त्याच्या बोटाखाली देतात. सर म्हणाले, याच्या डोक्याला माझ्या दोन फेऱ्या पुरणार नाहीत, याला शाळा हवी. त्यांनीच खटपट केली. पुण्याच्या अंध मुलांच्या शाळेत जागा मिळाली, वसतिगृहासकट. पुण्याचं नाव ऐकल्यावर मी आधी नाहीच म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "तिथे त्याची मावशी आहे ना?" या घरात चार वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव कुणी काढलं. त्यानंतर मला नाही म्हणता आलं नाही.

नविन पंधरा तारखेला त्याला घेऊन येतो. मी येणार नाही. मला त्याला तिथे ठेवून फाटकातून मागे फिरता यायचं नाही, मी त्याला परत घेऊन येईन. म्हणून घरीच थांबते. तो विचारतो, "आई, शाळेत तू कुठे झोपशील?"

रविवारी भेटायला देतात. तू जा. जमलं तर जा असं नाही म्हणत. जा.

मासळी दिलीस तर काटा काढून दे, पण तो स्वतः बोटाने तपासतो, तपासू दे. नव्या जागी आधी त्याचा हात भिंतीला लाव. एकदा भिंतीवरून फिरला की घाबरत नाही. रडला तर लगेच उचलू नकोस, काय शोधतोयस ते विचार. बहुतेक वेळा चप्पल असते. झोपेत तो शेजारी हात टाकून चाचपतो. तिथल्या बाईंना सांग, काही बोलू नका, नुसता हात द्या.

आणि एक. मागे तुझा फोन आला तेव्हा नविनने चुकून स्पीकर लावला. तू "हॅलो, भावोजी" एवढंच म्हणालीस. लाहू माझ्या मांडीवर बसला होता. तो उठून फोनकडे गेला आणि त्यालाच "आई" म्हणाला. मग माघारी वळून माझा चेहरा चाचपत बसला. आपला आवाज इतका सारखा आहे हे मला माहीत नव्हतं.

म्हणून पहिल्या रविवारी त्याला लांबून हाक मारू नकोस. त्याला वाटेल मी आले. पळत येईल. आधी अगदी जवळ जा, त्याचा हात हातात घे, आणि मग हळू सांग, मी मावशी.

तुझी,
ताई